तांदळापुढचा आकडा

मृणालचं नाव आधी घेते, कारण ती नसती तर आज मी या दुकानात नसते. नागपूरची मुलगी, वयानं माझ्या भाचीएवढी. आमच्या देशी किराणा दुकानातल्या मालाची नोंद ठेवणारी प्रणाली तिनंच बसवली होती.

अमेरिकेत, आमच्या या अर्विंगमध्ये ऑक्टोबर लागला की सकाळचं ऊन थोडं मवाळ होतं. गोदामाचं शटर वर गेलं की त्याचा एक लांब पट्टा आत सरकतो आणि रात्रभर कोंडलेले हिंगाचे, कढीपत्त्याचे, पुठ्ठ्याच्या खोक्यांचे वास त्यात हळूहळू एकमेकांपासून सुटे होतात. यजमान पलीकडच्या उपाहारगृहात आचारी, मी इथे माल लावणारी. शाळा सातवीतच सुटली. वाचायची ओढ सुटली नाही, पण इंग्रजी अक्षरं भरलेला पडदा समोर आला की अजूनही आधी कुणी मदतीला आहे का ते बघते.

पूर्वी सगळा माल माझ्या डोक्यात असे. मग तो हातात मावणाऱ्या एका यंत्रात गेला. रोज सकाळी फळीपुढे उभं राहून आकडे भरायचे, एवढंच माझं काम. आहे ते गिऱ्हाइकाला घरबसल्या फोनवर दिसावं आणि संपेल ते आपोआप मागवलं जावं, एवढाच त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू. मी जीव ओतून आकडे भरले, तरी तक्रारी सुरू झाल्या. माणसं फोनवर तांदूळ बुक करून येत आणि फळी रिकामी. मालक मुंबईचे, जिभेनं तिखट. म्हणाले, "ताई, सिस्टीम सांगते एक बॅग आहे. कुठाय? कच्चीच खाल्लीत का?" मला हसू आलं नाही, कारण पुढचं वाक्य ठाऊक होतं. शनिवारपर्यंत हे सुटलं नाही तर मोजणीला दुसरं माणूस बघतो, म्हणाले.

गुरुवारी मृणाल आली. चौकशी होणार म्हणून मी पदराला हात पुसत उभी. ती म्हणाली, "काकू, मी काही शिकवणार नाहीये. तुम्ही रोज करता तसंच करा, मी नुसती बघते ना."

मी चालू लागले. तूरडाळ बारा. पोहे नऊ. कोलम तांदळाची फळी रिकामी होती, पत्र्यावर चार दाणे सांडलेले. माझ्या बोटानं लिहिलं, एक.

"थांबा, थांबा. एक कुठेय, काकू?"

"नाहीये."

"मग?"

मग काय सांगायचं? आमच्या घरी तांदळाचा डबा कधी तळापर्यंत रिता करत नसत. नवे येईस्तोवर मूठभर राखायचेच, ही आईची रीत. आई गेली, तो डबाही गेला, पण रीत माझ्या बोटांत उरली. तांदूळ, मीठ, हळद यांच्यापुढे शून्य लिहायला हात धजत नसे. दुसऱ्याच्या चालत्या दुकानात, परक्या मुलखात, आपल्या हातानं अभाव कसा लिहावा? म्हणून एक. आणि तो एक पाहून यंत्र निश्चिंत राही: नवी पोती मागवत नसे, गिऱ्हाइकांना मात्र बोलावत राही.

हे सगळं मी तिला सांगून टाकलं. संपलं सगळं, असं मला वाटलं. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत सुटली. "यार काकू! चार दिवस मी कोड चेक करतेय, आणि बग तुमच्या आईच्या डब्यात!" हसू ओसरल्यावर मात्र हळूच म्हणाली, "चूक माझीय. काय काय पाहिजे ते मी मालकांना विचारलं. वापरणार तुम्ही, आणि तुम्हालाच विचारलं नाही."

शुक्रवारी पडद्यावर एक हिरवं बटण उगवलं होतं, त्यावर देवनागरीत लिहिलेलं: मागवा. ते दाबलं की शून्य यंत्र आपलं आपण लिहून घेई, माझ्या बोटाला ते लिहावं लागत नसे. शनिवारी एकही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतलं नाही. दुसऱ्या माणसाचा विषय मालकांनी पुन्हा काढला नाही, दुपारी नुसतं विचारलं, "ताई, चहा घेतलात का?"

त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनात एकच विचार घोळत राहिला. इतकी वर्षं मी गावाकडच्या बहिणीला फोनवर सांगत आले, सगळं आहे गं, काही कमी नाही. आणि त्यावर निर्धास्त होऊन ती बिचारी कधी जास्त विचारत नसे. एका रविवारी धीर करून म्हटलं, इथे फार एकटं वाटतं. त्यावर ती तासभर बोलत राहिली. 'नाहीये' असं म्हटल्यावाचून काही येतच नसेल का आपल्याकडे?

मृणाल आता दूर उत्तरेकडे, ट्रॉय नावाच्या गावी असते. नवी नोकरी, व्हिसाची टांगती तलवार, आणि म्हणे एप्रिलपर्यंत न वितळणारा बर्फ. तिचे मेसेज येतात, "ऑल गुड, काकू," पुढे एक हसरा चेहरा. तो चेहरा मी बराच वेळ न्याहाळत बसते; माझा त्याच्यावर पुरता विश्वास बसत नाही.

विमानात मी एकटी कधी बसलेली नाही. पण तिचं हे देणं मी एक दिवस तिच्या दारात जाऊन फेडणार आहे, आणि ते तिकीट, पडदा कितीही प्रश्न विचारो, मी माझ्या हातानं काढणार आहे.