उंबरठ्यावरचं अकरावं बोट

जळगाव स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, ऊन मात्र बाराचं होतं. पुण्याहून निघताना शहाऐंशी वर्षांच्या वडिलांनी एकच काम सांगितलं होतं, "आपल्याला त्या घरातून हाकललं होतं का, तेवढं बघून ये."

घर म्हणजे माझे खापरपणजोबा दगा पाटील यांचं, चोपड्याजवळच्या एका गावातलं. त्यांना अकरा मुलं. त्यांतला नववा सुपडू, म्हणजे माझे पणजोबा, बापाशी भांडून गेला तो परतलाच नाही. 'त्याचं नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही,' असं दगा पाटलांनी बजावलं, ही आमच्याकडची कथा. वडिलांनी ती लहानपणी ऐकली आणि आयुष्यभर मनातून काढली नाही. खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पूर्वजांची नावं घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. सुपडूचं ओढतात का, हे पाहायला मी चाललो होतो.

धरणगावमार्गे एसटीत तापलेल्या सीटवर पाय बदलत बसलो. तापी ओलांडली, केळीच्या बागा सुरू झाल्या, धुरकट सातपुडा दिसू लागला.

वेशीवर खापरपणजोबा फ्लेक्सवर उभे होते. 'श्रीमंत सरदार दगाजीराव'. डोक्यावर तुरा, हातात तलवार, मागे समुद्रातला किल्ला. चोपड्यापासून समुद्र किती लांब आहे, हे छापणाऱ्याला कुणी विचारलं नसावं.

घरचे कर्ते नाना सत्तरीचे. फोनवर त्यांना मी 'दूरचा नातलग, घराण्याची माहिती लिहितोय' एवढंच सांगितलं होतं. सुपडूचा पणतू म्हटलं तर दार उघडेल की नाही, याची खात्री नव्हती.

"नाना, दगाबाबा खरंच सरदार होते?"

"पोरेसनी छापं ते," नाना हसले. "घरमा ईळा व्हता, भाऊ. तलवार लिसन कोनी जवारी कापस का?" (घरात विळा होता. तलवार घेऊन कुणी ज्वारी कापतं का?)

मला पूर्वज एकदम आवडू लागले.

पाण्याची घागर भरून झाली, तिच्यावर खरबूज ठेवलं गेलं. नाना उंबरठ्याशी बसले. त्यांच्या थोरल्या वहिनी, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, नावं सांगू लागल्या. दगा. बोट. त्यांची बायको. बोट. मग मुलं. मी मनात मोजत होतो. आठवा झाला आणि अक्का थेट दहाव्यावर गेल्या. अकरावा झाला, नातवंडं सुरू झाली. वडिलांना काय सांगायचं याची वाक्यं मी तिथेच जुळवू लागलो.

शेवटी राहवलं नाही. "अक्का, सुपडूचं राहिलं."

नानांचं बोट कुंकवातच थांबलं. अक्कांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "त्याना मरानी खबर कोनी धाडी? जित्ता मानूसनं बोट कसं वढानं?" (त्याच्या मरणाची बातमी कुणी धाडली? जित्या माणसाचं बोट कसं ओढायचं?)

"म्हणजे त्यांचं नाव टाकलं नव्हतं?"

"टाकं कोनी? आजीसासू सांगी गयी, खबर येस नही तवलोंग वढू नका." (टाकलं कुणी? आजेसासू सांगून गेली, खबर येत नाही तोवर ओढू नका.)

माझे पणजोबा त्या घरात अजून जिवंत होते, जवळपास दीडशे वर्षांचे. चूक आमचीच. तीन पिढ्यांनी अपमान जपला, एक पोस्टकार्ड मात्र टाकलं नाही.

मी कोण ते सांगितलं, आणि सुपडू वारल्याचंही. मला वाटलं, आता गळाभेटी होतील.

"ऐकी लिधं ना बठ्ठासनी?" नाना उठले. "मंग पहिले आंग धोवा." (ऐकलंत ना सगळ्यांनी? मग आधी आंघोळ करा.) मरणाची बातमी कितीही शिळी असो, कानावर पडली की आंघोळ.

तेरा माणसं एकामागून एक न्हाणीत जाऊन आली. "इतला उशिरा खबर आननारा पाव्हना पहिलाच," असं म्हणत अक्कांनी पहिली बादली मला दिली. आंघोळी उरकल्यावर सुपडूचं बोट ओढलं गेलं. नानांनी ते इतरांपेक्षा जरा लांब ओढलं, असं मला वाटलं; पण मी त्या वेळी फारसा तटस्थ नव्हतो. मग आमरस आणि खापरावरचे मांडे (पुरणपोळ्या) इतके खाल्ले, की परतीच्या एसटीत उभा राहिलो असतो तरी पडलो नसतो.

जळगावहून गाडी सुटल्यावर वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं. "सुपडूचं बोट ओढलं?" हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. सरदारकी गेल्याचं दुःख त्यांना नव्हतं. 'हाकललेले' हा शब्द त्यांच्या अंगावरून पहिल्यांदाच उतरत होता.

"नानांचा नंबर डायरीत लिहून ठेव," ते म्हणाले. "माझं वेळेवर कळव."