बुधवारचा उपास

अठ्ठ्याहत्तर साली आम्ही सहकुटुंब नाशिकला गेलो, तेव्हा रामकुंडावर एक टोपीवाले गृहस्थ आम्हाला चिकटले. देवळं राहिली बाजूला, त्यांनी आम्हाला खाण्याच्या दुकानांची परिक्रमा घडवली. प्रत्येक दारात छत्री रोवून एकच वाक्य: "असं अख्ख्या नाशकात मिळायचं नाही!" स्वतः मात्र घोटभर चहाही घेईनात. म्हणे, "आज माझा उपास."

मिसळ आणि भजी झाली, जिलबी आली, तेव्हा आईला शंका आली. तिला सगळ्यांचे उपास तोंडपाठ.

"आज तर बुधवार. कसला हो उपास?"

ते हळूच म्हणाले, "मावशी, मी ह्या सगळ्यांचे भटारखाने पाहिलेत."

त्यानंतर आम्ही कुठल्याही वारी नाशिकला गेलो, तरी आईचा नेमका उपास निघायचा.