हातावरची लेबलं

आमच्या केळीच्या पॅकहाऊसमध्ये आज उलटं काम चाललं होतं. परवा फणीफणीवर लावलेली परदेशी अक्षरांची लेबलं त्याच बायका आता नखाने सोलून काढत होत्या. माल ज्या देशात जायचा होता, त्यावर निर्बंध आले, बँक तिकडचे पैसे घ्यायला तयार नाही, म्हणून माल इथल्याच बाजारात पाठवायचा ठरला. खाली टाकलेलं लेबल चपलेला चिकटतं म्हणून शांताबाई प्रत्येक लेबल स्वतःच्या हातावर लावत होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचा हात कुणालाच न वाचता येणाऱ्या अक्षरांनी भरला होता.

"साहेब, त्यांचं-आपलं भांडण झालं का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो. त्यांचं भांडण तिसऱ्याच देशाशी आहे."

"मग आपली केळी का अडवली?"

काय सांगणार? सौदा डॉलरमध्ये होतो, आणि डॉलरवाला रुसला की इतरांचंही घेणंदेणं थांबतं, हे? पलीकडच्या शेडमधली द्राक्षं युरोपला जातात. तिथे कितीतरी देशांत एकच युरो चालतो. एकाला माल नको झाला, तर शेजारचा त्याच नाण्यात उचलतो. इथे मात्र सौदा अडला तरी केळं कुणासाठी थांबत नाही, पिकत राहतं. हे इतक्यांदा पाहिलंय की आता रागही येत नाही.

सुट्टी झाल्यावर शांताबाई हातावरची लेबलं एकेक करून गुळगुळीत कागदावर लावू लागल्या.

"आता कशाला?"

"भांडण मिटलं की पुन्हा आपल्यालाच लावायचीत की."

लेबलांचा गोंद जवळजवळ गेला होता, केळ्यांवर ती पुन्हा चिकटणार नव्हती. तरी मी कागद धरून उभा राहिलो.