कुंद्यासाठी रिकामा केलेला फ्रीज

तपासणी समिती येणार होती त्या सकाळी मी कंग्राळीहून कॉलेजात पोचले, प्रयोगशाळेचा फ्रीज उघडला, तर आत कुंद्याचे, म्हणजे खव्याच्या मिठाईचे, डबे. माझ्या नमुन्यांच्या नळ्या कुठेच नव्हत्या.

शिपाईआप्पा चाचरले. "सरांनीच सांगितलं, मॅडम. पाव्हण्यांचा कुंदा ठेवायचाय, जागा करा म्हणाले. तांबडं पाणी बेसिनात वतलं बघा."

त्या तांबड्या पाण्यात माझं दिवाळीपासूनचं काम होतं.

आपल्या शरीरात लोह साठवायला फेरिटिन नावाचं प्रथिन असतं, पिंजऱ्यासारखं पोकळ. बारीक छिद्रांतून लोह आत शिरतं, ऑक्सिजनशी जुळतं आणि तिथंच खनिजाचा सूक्ष्म कण होतो. भिंती आड येतात म्हणून तो फार वाढत नाही. मी रिकाम्या पिंजऱ्यांत थेंबाथेंबानं लोह सोडत होते. जरा घाई झाली की लोह बाहेरच जमतं आणि तळाशी गाळ बसतो. माझं लई वेळा तसं झालं होतं. या खेपेला मात्र गाळ नव्हता. नळीतलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, तरी आरपार नितळ.

विभागप्रमुख केबिनमध्ये टाय सारखा करत होते.

"सर, माझे नमुने ओतून दिलेत!"

"अहो, गंजलेलं पाणी होतं ते. समितीनं बघितलं असतं तर?"

"तो गंज म्हणजेच माझं काम होतं!"

"हळू बोला. परत करता येईल की. तुम्हाला काय, ना नवरा, ना पोरंबाळं. वेळच वेळ."

मी आल्या पावली फ्रीजकडे गेले, डबे उचलून आणले आणि त्यांच्या टेबलावर, फायलींच्या छाताडावर, आदळले. तेवढ्यात समिती आलीच. एका सदस्यानं कौतुकानं विचारलं, "आपलं संशोधन कशावर?"

"काल सांगितलं असतं. आज ते गटारात आहे."

सर मोठ्यानं हसले. विनोद समजून पाहुणेही हसले, आणि कुंदा खायला बसले. त्या हसण्याची चीड मला नळ्यांपेक्षा जास्त आली.

दुसऱ्या दिवशी मी फ्रीजला स्वतःचं कुलूप लावलं. सरांनी राग काढला, मला सकाळचे सगळे तास शिकवायला दिले. दिले तर दिले. दुपारी उरलेल्या वेळात मी पिंजरे पुन्हा बनवले, पुन्हा लोह सोडलं. बाहेरगावच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून फोटो आला तो उन्हाळा संपताना: राखाडी पडद्यावर काळे ठिपके, जवळजवळ सारख्याच मापाचे, एकेका पिंजऱ्यातला एकेक लोहकण.

घरी थोरल्या आक्काला मोबाईलवर दाखवला. तिनं चष्मा वर-खाली केला.

"एवढ्या ठिपक्यांसाठी सायबाशी भांडलीस व्हय गं?"

"व्हय. आणि अजून भांडायचं राहिलंय."