जावयाची गाडी आणि बॉनेटवरचं स्वस्तिक

“शौकत, तुझ्या त्या कदमांनी बँकेत डिस्प्यूट टाकलाय,” म्हणत साहेबांनी फॅक्स माझ्या टेबलावर आपटला. कदम माझे कधी झाले ते कळलं नाही, पण फॅक्स माझा झाला होता.

मी पुण्यात भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीत बिलिंग बघायचो. मोबाईलवर इनकमिंगलाही पैसे पडायचे, तेव्हाची गोष्ट. गाडी नेताना गिऱ्हाइकाचं क्रेडिट कार्ड आम्ही एका मशीनवर ठेवून घासायचो. कार्डाचा ठसा कागदी स्लिपवर उठायचा, खाली गिऱ्हाईक सही करायचं. रक्कम कोरी. गाडीला काही झालं तर ती नंतर आम्ही भरायची. हे सगळं ॲग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात होतं. ते वाचणारा माणूस मला नऊ वर्षांत भेटला नाही.

कदम मुंबईचे. आमची गाडी घेऊन दोन दिवस वेल्ह्याला सासुरवाडीला गेले. गाडी परत आली ती पांढऱ्या बॉनेटवर भलंमोठं शेंदरी स्वस्तिक घेऊन. धुतलं तरी जाईना. साहेबांनी बॉनेट रंगवण्याचे सहा हजार स्लिपवर लिहून टाकले. कदमांना ते थेट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये दिसले. डिस्प्यूट म्हणजे ‘हा खर्च मला मान्य नाही’ असं बँकेला कळवणं. मग पुरावा आम्ही द्यायचा, नाहीतर पैसे परत.

मी कदमांना फोन लावला. “स्वस्तिक कोणी काढलं?”

“सासूबाईंनी. पूजा केली हो गाडीची.”

“भाड्याच्या गाडीची?”

मग हळूच, “गाडी मी घेतलीय असं सांगितलंय तिकडे. बायकोलाही गप्प बसवलंय. प्लीज, काही बोलू नका. सासऱ्यांना पुन्हा तोंड दाखवता येणार नाही मला.”

साहेबांना मात्र सासरच्यांचा लेखी जबाब हवा होता. “तू भोरचा. वेल्हं तुझ्याच गावाकडे. जा.” मधे डोंगर आहेत हे सांगून उपयोग नव्हता. खिशात जबाबाचा कोरा फॉर्म घालून नसरापूरमार्गे एसटीने निघालो. कदमांचं बिंग फुटू नये म्हणून सोंग त्यांच्या मित्राचं.

सासरे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. चहा आला. मी सहज म्हटलं, “जावयांनी गाडी छान घेतली, नाही?”

त्यांनी बशी खाली ठेवली. “तुमी कंपनीचं मानूस न्हवं? दोस्त असता तर गाडी त्यांची न्हाई, हे तुमाला ठावं असतं.”

मला ठसका लागला.

“तीस वर्सं ष्टेअरिंग धरलंय म्या. काळी पाटी, पिवळा नंबर. भाड्याची गाडी मला वळखू यायची न्हाई व्हय?”

खरंच की. आमच्या सगळ्या गाड्यांना तीच पाटी असते.

“मग पूजा कशाला केलीत?”

उत्तर आतून सासूबाईंनी दिलं. “गाडी कुनाची का असंना, लेक आन् नातू तिच्यातनंच घाट उतरनार व्हते न्हवं?”

फॉर्म खिशातच राहिला, पण सहा हजारांचं मी सांगून टाकलं. सासूबाई हसायलाच लागल्या. “तेलात कालवलेला शेंदूर त्यो. पान्यानं जातोय व्हय? रॉकेलचा बोळा फिरवा.”

सासरे स्टँडपर्यंत सोडायला आले. “आमाला कळलंय हे जावईबापूंना सांगू नका. लई वरमतील.”

पुण्यात उतरलो तो थेट यार्डात. बॉनेट रंगवलेलंच नव्हतं. पेंटरची वाट बघत गाडी स्वस्तिकासकट भाड्याने फिरत होती, आणि काही गिऱ्हाइकं शुभ म्हणून तीच मागत होती. रॉकेलचा बोळा फिरवला. दहा मिनिटांत बॉनेट स्वच्छ. साहेबांनी बोट फिरवून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि पैसे परत करायच्या व्हाउचरवर सही केली.

कदमांचा फोन आला. “सासऱ्यांना काही कळलं नाही ना?”

यापुढे कोऱ्या स्लिपवर सही करू नका, असं मी त्यांना आधी बजावलं. कस्टमरशी खोटं बोलायचं नाही, असा कंपनीचा नियम होता. तो मी एकदाच, आणि मनापासून मोडला.

“अजिबात नाही,” मी म्हणालो.