सायकलची उजवी बाजू

कलेक्टर कचेरीच्या कुंपणभिंतीलगत माझे टेबल गेली पंचवीस वर्षे आहे. माझ्या आधी तेथे वडील बसत. ते उर्दूत अर्ज लिहीत. पोलीस अॅक्शननंतर दप्तराची भाषा बदलली, तेव्हा त्यांनी ऐन तिशीत मराठी दप्तरी भाषा नव्याने शिकून घेतली आणि टेबल जागेवरून हलू दिले नाही. माझे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि ज्या कागदापायी पदवीधरांचे काम महिनोन्महिने अडून राहते, तो कागद मी एका बैठकीत तयार करतो, हे या कचेरीतला कोणताही कारकून मान्य करील. वडिलांनी मला या धंद्याची एकच गोष्ट नीट समजावून सांगितली होती. अर्जात माणूस उभा दिसता कामा नये, आडवा पडलेला दिसला पाहिजे. सरकार उभ्या माणसाकडे पाहत नाही. त्या एका गोष्टीवर माझा संसार झाला.

टेबलाइतकीच माझी दुसरी ओळख म्हणजे सायकल. एका महाविद्यालयाने क्रीडा विभागातले मोडीत काढलेले सामान लिलावात विकले, त्या लिलावाच्या नोटिशीचा मसुदा मीच लिहून दिला होता. त्यामुळे लिलावाचा दिवस मला इतरांच्या आधी ठाऊक होता आणि त्या दिवशी मी वेळेवर हजर होतो. शर्यतीची सायकल होती ती. शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, दीड बोट रुंदीचे टायर, पुढे दोन आणि मागे पाच दातेरी चकत्या, म्हणजे एकंदर दहा गिअर. बाकीचे अर्जनवीस काळ्या, जड सायकलींवर येत. मी हर्सूलहून हिच्यावर येत असे, आणि कचेरीच्या फाटकातले शिपाई मान वळवून पाहत असत. शर्यतीच्या सायकलला कॅरिअर नसते. मी ते मुद्दाम बसवून घेतले आणि त्यावर टाइपरायटरची पेटी बांधू लागलो. स्टँड मात्र बसेना, म्हणून ती दिवसभर भिंतीला टेकवून ठेवावी लागे. टेकवताना चेनची बाजू मी नेहमी भिंतीकडे करी. चेनचे काळे ऑइल अर्जासाठी रांगेत बसलेल्यांच्या धोतरा-लुगड्यांना लागू नये हा एक हेतू; माझ्या पांढऱ्या पायजम्याला तर ते मुळीच लागू नये हा दुसरा.

अकरा वर्षे सायकल उत्तम चालली, मग तिचे गिअर बिघडले. चढावर पायाला जोर दिला की चेन आपल्या मनाने एका चकतीवरून दुसरीवर उडी मारी, पाय रिकामा फिरे आणि छाती हँडलवर आदळे. फ्रेमच्या दांडीवरचा गिअरचा खटका ओढला तर कधी काहीच होत नसे, कधी दोन चकत्या एकदम ओलांडल्या जात. आमच्या भागातल्या सायकलवाल्याने वरवर पाहून सांगितले की गिअर गेले, सामान आता मिळत नाही, सगळे काढून साधी सायकल करून देतो. साधी करणे मला मान्य नव्हते. साधी सायकल काय, कोणाकडेही असते. पण दुसऱ्या कोणाला दाखवून ती दुरुस्त करण्याचाही निर्णय मी घेतला नाही. ती मागच्या पडवीत चादरीखाली उभी राहिली आणि मी शेअर रिक्षाने जाऊ लागलो. अशी दोन वर्षे गेली. कोणी विचारलेच तर मी विचार चालू असल्याचे सांगत असे. कचेरीच्या दारात आयुष्य काढलेल्या माणसाला पक्के ठाऊक असते की विचाराधीन ठेवलेले प्रकरण कोणी नाकारलेले नसते, आणि त्यामुळे त्याचा जाब द्यावा लागत नाही.

याच सुमारास माझी धाकटी मुलगी आयटीआय झाली आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात तिला घेतले. आमच्या घरातून कारखान्यात गेलेली ती पहिली मुलगी. पहिले सहा महिने उमेदवारीचे होते. त्या मुदतीत तीन वेळा उशीर झाला की नाव कमी होणार, असे तिच्या पत्रात स्पष्ट लिहिले होते. कंपनीची बस सकाळी सव्वासहाला सिडको चौकातून सुटे. हर्सूलहून तेथे जाणारी शेअर रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही, आणि त्या वेळी ती भरत नाही. पहिल्या महिन्याभरात मुलीची बस दोनदा चुकली. आता एकच उशीर शिल्लक होता.

पहिल्या आठवड्यातच ती मला म्हणाली होती, "अण्णा, तुमची सायकल नीट करून द्या. वीस मिनिटांत जाते मी चौकात."

ते खरे होते. लहानपणी त्याच सायकलच्या दांडीखालून पाय घालून ती सायकल शिकली होती. पण कामगाराला वेळेवर नेणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे, हे मी तिला समजावून सांगितले आणि दुसऱ्यांदा बस चुकल्यावर ती हर्सूलपर्यंत आणवण्याचा अर्ज लिहायला घेतला.

"पोरगी सायकल मागती," माझी पत्नी म्हणाली, "अन् तुम्ही तिला बस आणून द्यायला निघाले व्हय?"

असा अर्ज मी क्वचितच लिहिला असेल. अर्जदार ही गरीब कुटुंबाचा एकमेव आधार असून तिला अंधारात, निर्जन रस्त्याने पायपीट करावी लागते. अशा परिस्थितीत दररोज वेळेवर हजर होणे तिला केवळ अशक्य आहे. सबब बस हर्सूल टी पॉइंटपर्यंत आणण्याची कृपा व्हावी. खाली अकरा रहिवाशांच्या सह्या घेतल्या. त्यांत एक सही गंगापूरहून चार दिवस राहायला आलेल्या माझ्या मेहुण्याची होती, पण त्या चार दिवसांपुरता तोही रहिवासीच होता. मी स्वतः एसटीने शेंद्र्याला गेलो आणि अर्ज कारखान्याच्या फाटकावर दिला. पहारेकरी अर्ज मिळाल्याची पोच देईना.

"इथं पोच-बिच नसती मामा," तो म्हणाला. "दिला म्हंजी दिला."

मी त्याच्याकडून माझ्या प्रतीवर सही घेतल्याशिवाय हललो नाही, आणि सहीखाली वेळही घालून घेतली. परतीच्या एसटीत मी समाधानाने बसलो होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

पाचव्या दिवशी मुलगी संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली. माणसांचे काम पाहणाऱ्या साहेबांनी तिला बोलावून घेतले होते. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता आणि एका ओळीखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली होती. त्यांनी तिला शांतपणे विचारले की रोज वेळेवर येणे जर केवळ अशक्य असेल, तर तुला उगाच त्रास का द्यावा? चिकलठाण्याची एक मुलगी यादीत पुढे आहे, तिला घेऊ का? ते रागावले असते तर बरे झाले असते, असे ती म्हणाली. शनिवारपर्यंत काय ते लिहून दे, असे सांगून त्यांनी तिला कामावर परत पाठवले होते.

मी तिला म्हणालो की अर्ज असाच लिहायचा असतो, ती लिहिण्याची रीत आहे, तिचा शब्दशः अर्थ कोणी घेत नाही.

"अण्णा, मी महिनाभर त्यांना सांगायलेय की मला जमतं," ती म्हणाली. "तुम्ही लिहून दिलं की जमत नाय. तिथं जमतं त्यालाच ठेवतात."

तेवढे बोलून ती आत गेली. मी पडवीत जाऊन बसलो. वडिलांची शिकवण मी मनात उलटसुलट करून पाहिली. ती चुकीची नव्हती. पंचवीस वर्षे मी माणसांना कागदावर आडवे पाडले आणि त्यांतली कितीतरी माणसे त्यामुळेच पुढे उभी राहिली. परंतु कारखान्यात आडव्या माणसाला उचलून बाजूला ठेवतात, हे वडिलांच्या काळी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला ठाऊक असायला हवे होते. मुलीचे उमेदवारीचे पत्र मी स्वतः तिला वाचून दाखवले होते.

शुक्रवारी संध्याकाळी तिने माझ्याकडे कोरा कागद मागितला. मसुदा मी सांगतो, असे मी म्हणालो. तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि दोनच वाक्ये लिहिली: मी सोमवारपासून वेळेवर येईन. माझी सायकल दुरुस्त होत आहे. त्यात ना सविनय, ना कृपावंत, ना आपली विश्वासू. मी पेन उचलले तसा तिने कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"राहू द्या अण्णा."

सायकल त्या वेळी पडवीत चादरीखाली उभी होती. म्हणजे शनिवारी जो कागद साहेबांच्या हाती जाणार होता, त्यातले दुसरे वाक्य खरे करणे आता माझ्याकडे आले होते, आणि मध्ये फक्त रविवार होता.

रविवारी सकाळी मुलगी आणि मी सायकल घेऊन शहागंजला सायकली दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या उस्तादांकडे गेलो. त्यांची सुट्टी शुक्रवारी असते. त्यांच्या घरपट्टीचे अर्ज मी पूर्वी लिहून दिले होते, त्यामुळे ते मला मुन्शीजी म्हणत आणि बसायला स्टूल देत. मी स्टुलावर बसून सांगण्यास सुरुवात केली की सदर सायकलचे गिअर पूर्णपणे निकामी झाले असून सुटे भाग उपलब्ध नसल्यामुळे दुरुस्ती होणे कठीण दिसते.

उस्तादांनी हात वर केला. "ठहरो मुन्शीजी. फैसला मत सुनाओ. गाडी को क्या होता, वो बोलो."

दोन वर्षे मी सायकलवर बसलोच नव्हतो. उत्तर मुलीने दिले. आदल्या संध्याकाळी कामावरून आल्यावर तिने सायकल बाहेर काढून जटवाड्याच्या रस्त्याला फिरवून आणली होती, हे मला तेथे कळले. चढाला जोर दिला की चेन उडते, ती म्हणाली, आणि सर्वांत मोठ्या चकतीवर घेतली की गिअर चाकाच्या तारांना घासतो.

उस्तादांनी चेन सैल केली. मागे चेन सरकवणारा जो लोंबता गिअर असतो, तो फ्रेमच्या टोकाला एका लहानशा लोखंडी कानाला अडकवलेला असतो. त्यांनी तो गिअर उतरवला आणि त्या कानाच्या भोकात दुसऱ्याच एका चाकाचा आस पिळून बसवला. आता सायकलला मागे दोन चाके झाली, शेजारी शेजारी. त्या दोन चाकांमध्ये उस्तादांनी वरच्या बाजूला बोटे घातली, मग खालच्या बाजूला. वर चार बोटे मावली, खाली दोन. ती फट मलाही दिसली. कान आतल्या अंगाला वाकला होता.

सायकल कोणत्या बाजूने टेकवता, असे त्यांनी विचारले. चेनच्या बाजूने, मी सांगितले. पेटी बांधलेली असताना? होय. त्यांनी दुसरे चाक काढले, गिअर पुन्हा हाताने जागेवर बसवला, सायकल तशीच दुकानाच्या भिंतीला टेकवली आणि कॅरिअरवर तळहाताने भार दिला. गिअर भिंतीला टेकला आणि आत दबला.

"गिअर अच्छा है, मुन्शीजी," ते एवढेच म्हणाले.

मी आयुष्यभर अर्जदाराचे नाव वर आणि ज्याच्यामुळे त्रास झाला त्या गैरअर्जदाराचे नाव खाली लिहीत आलो. या प्रकरणात दोन्ही जागी मला एकच नाव दिसत होते. गिअरला मी दोन वर्षे दोष दिला, आणि तो अकरा वर्षे माझ्या पायजम्याच्या स्वच्छतेसाठी रोज भिंतीला दाबला जात होता.

मग उस्तादांनी खरा प्रश्न पुढे ठेवला. लोखंड जुने आहे, त्यामुळे वाकवून सरळ करता येते. पण एकदा वाकून इतकी वर्षे राहिलेले लोखंड परत वाकवताना तुटूही शकते. तुटले तर गिअर बसवायला जागाच उरणार नाही आणि सायकल साधी करावी लागेल. सरळ करू की नको, ते तुम्ही सांगा. ते उकिडवे बसून माझ्याकडे पाहू लागले. माझ्या मनात पहिला विचार आला तो मुदत मागण्याचा. आठवडाभर विचार करून कळवतो, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. परंतु शनिवारचा कागद देऊन झाला होता, आणि इतकी वर्षे जिला मी माझी ओळख समजत होतो तिच्यावर उद्या सकाळी बसणारे माणूस माझ्याजवळ उभे होते.

"चालवणार तू आहेस," मी मुलीला म्हणालो. "तू सांग."

तिने क्षणाचाही वेळ लावला नाही. "करा चाचा. तुटलं तर साधी करा. पण आजच करा."

उस्तादांनी गिअर उतरवून ते दुसरे चाक पुन्हा कानात पिळले आणि त्याच चाकाला धरून, थोडे थोडे, बाहेरच्या अंगाला ओढू लागले. लोखंड कुरकुरले. मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. मुलगी त्यांच्या शेजारी बसून फटीत बोटे घालून पाहत होती, आणि वर किती, खाली किती हे सांगत होती. शेवटी ती म्हणाली, "तीन, तीन," तेव्हा मी वळलो. त्यानंतर गिअर जागेवर बसवला, त्याची नवी तार घातली, दांडीवरच्या खटक्याचा सैल झालेला स्क्रू आवळला, आणि मुलगी सायकलवर घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जाऊन आली. येताना तिने आमच्यासमोर खटका दोनदा ओढला. चेन एकेक चकती चढली आणि तेथेच राहिली.

सोमवारी मी उठून अंगणात येईपर्यंत ती वळणापलीकडे गेली होती. त्या दिवशी टेबलावर माझे लक्ष नव्हते. देवगाव रंगारीहून आलेल्या एका म्हाताऱ्याचा विजेच्या जोडणीचा अर्ज लिहिताना पेन 'केवळ अशक्य' या शब्दांशी थांबले. कचेरीत वारंवार येणे खरेच अशक्य आहे का, असे मी त्यांना विचारले. "नाय, येतो की," ते म्हणाले, "पण तुम्ही लिवा." मी लिहिले. सरकारपुढे ती ओळ अजून चालते, आणि मी माझी पद्धत सोडली असा समज कोणी करून घेऊ नये. लिहिण्याआधी आता विचारून घेतो, एवढाच फरक पडला.

संध्याकाळी मुलीने अंगणाच्या भिंतीला सायकल टेकवली, चेनची बाजू बाहेर ठेवून, आणि आत जाऊन आईजवळ चहा मागितला. ती चौकात पोचली तेव्हा बस यायचीच होती, असे ती आईला सांगत होती. त्या सहा महिन्यांत तिच्या नावावर तिसरा उशीर लागला नाही. त्या दिवशी ते मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी सायकलजवळून आत जाताना चेन पोटरीला घासली आणि पांढऱ्या पायजम्यावर काळा पट्टा उमटला. पत्नीने तो कशाचा म्हणून विचारले. चेनचा, मी म्हणालो, आणि पायजमा न बदलता तसाच चहाला बसलो.