बाबांचा सुविचार आणि आमचे जोडलेले हात

बाबांच्या सुविचारांशी भांडणारी घरात मी एकटीच. बाबा रेल्वेत इंजिनियर म्हणून नागपूरहून लखनौला आले, निवृत्तीनंतर तिथल्याच तेलीबाग भागात राहिले आणि आई गेल्यावर एकटे पडले. रोज सकाळी ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सुविचार टाकायचे. कुठून उचललेला नाही, स्वतः जुळवलेला. धीर धरावा, बोलणं कमी करावं, लवकर उठावं, असल्याच गोष्टी. पण थाट असा की जणू शोध आजच लागलाय. मग पुण्याचा भाऊ, वहिनी, काका, नागपूरची आत्या, सगळे ओळीने जोडलेले हात पाठवायचे. आत्या वर 'वा, सुंदर!' असंही लिहायची.

माझं डोकं फिरायचं. एकदा मौनाची थोरवी आली तेव्हा मी लिहिलं, 'मग रोज सकाळी तुम्हीच का बोलता, बाबा?' भावाने लगेच फोन करून मला झापलं, वयाचा तरी मान ठेव म्हणाला. मान ठेवणाऱ्यांपैकी सुविचार वाचत किती जण होते, देव जाणे. मला खोड काढायची असायची, त्यामुळे मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी लखनौतच, सरोजिनी नगरच्या माझ्या घरी चहा गाळत होते. बाहेर धुकं इतकं की समोरचं फाटक दिसत नव्हतं. फोनवर टिंग वाजलं, ग्रुपवर बाबा. पाठोपाठ जोडलेले हात, फूल, पुन्हा हात, आत्याचं 'वा, सुंदर!'. आज काय नवीन काढलंय म्हणून मी चष्मा लावला.

'पलंगाजवळ पडलो आहे. उठता येत नाही. कोणी जवळ असल्यास यावे.'

मी पुन्हा वाचलं. खाली ते हात, ती फुलं.

हातांच्या त्या रांगेत माझ्या मुलीचेही होते. ती आत रजईत होती. मी ओरडले, "आजोबांचा मेसेज वाचलास का तू?"

"हाँ मम्मी, नमस्ते भेज दिया ना. अब आप लड़ने मत लगना, यार."

मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. तिने वाचलं आणि रजई फेकून उठली. मी बाबांना फोन लावला. "ये," ते म्हणाले, "पण धुकं आहे, ऑटोवाल्याला घाई करायला लावू नकोस."

ऑटोत पुन्हा टिंग वाजलं. लखनौच्या मराठी मंडळींच्या ग्रुपमध्ये बाबांनी आत्यालाही घेतलं होतं; तिने तो 'सुविचार' तिथे पाठवला होता. तिथेही फुलं आली होती. एका गृहस्थांनी 'अगदी खरं आहे' असं लिहिलं होतं. मी मोठ्याने "अरे देवा!" म्हणाले. "क्या हुआ दीदी?" ऑटोवाल्या भैयांनी विचारलं. माझे वडील गारठलेल्या फरशीवर पडले होते आणि गावभर लोक त्यांचं कौतुक करत होते.

दूधवाल्यासाठी बाबांनी कडी आधीच काढून ठेवली होती म्हणून मी आणि मुलगी आत शिरू शकलो. पलंगावरची रजई ओढून त्यांनी अंगावर घेतली होती. फोन छातीवर होता. "आलीस. बरं झालं," एवढंच ते म्हणाले.

कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट पार पडलं. ते उशाला टेकून बसायला लागले तेव्हा मी आठवडाभर गिळलेला राग काढला. "फोन का नाही केला? असं ग्रुपवर लिहितं का कोणी?"

"फोन एकालाच लागतो. ग्रुपवर सगळे असतात."

"सगळे हात जोडून बसले होते, बाबा!"

"दिसत होतं मला," ते म्हणाले. "तुझी आई गेली तेव्हा मी ग्रुपवर साधंच लिहायचो. आज खिचडी केली, गुडघा दुखतोय, झोप लागली नाही. कुणाचं काही यायचं नाही. सहज एक सुविचार लिहिला, तर सगळे आले. मग तेच लिहायला लागलो."

मला वाटायचं त्यांना उपदेशाची हौस आहे. कितीतरी वर्षं मी त्यांच्या शब्दांची चिरफाड केली होती, आणि ते बिचारे फक्त हाक मारत होते. मुलगी पायथ्याशी बसली होती. तिने हळूच त्यांच्या पायावर हात ठेवला.

"आजोबा, घुटना अब भी दुखता है?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"हाँ बेटा," ते म्हणाले, "बहुत दुखता है."